पलंगाच्या कडेवर बसलेली ज्युलिएट

लंडनला आल्यापासून मला एक सवय लागली आहे. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये बॅलेचे खेळ जाहीर झाले, की आधी कुठल्या तारखेला कोण नाचणार ते मी पाहते. नामवंतांच्या संध्याकाळी सोडून देते आणि ज्या खेळात एखादी मुलगी मोठी भूमिका पहिल्यांदाच करणार असेल, त्या दिवशीचं तिकीट काढते. इथे एकाच बॅलेसाठी प्रमुख नर्तकांच्या अनेक जोड्या तयार असतात आणि नव्या जोडीच्या वाट्याला पुष्कळदा दुपारचा खेळ येतो. मी कडेला उभ्याने पाहते. तिथून रंगमंचाचा एक कोपरा दिसत नाही, पण समोरची विंग दिसते, आणि मला तीही पाहायची असते.

यंदा पाहिला नृत्यदिग्दर्शक केनेथ मॅकमिलनचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. संगीत प्रोकोफिएव्हचं. या बॅलेच्या जन्मालाच एक सल आहे. मॅकमिलननी तो बसवला लिन सेमूर आणि ख्रिस्तोफर गेबल या तरुण जोडीवर, त्यांच्या अंगाच्या लकबी हेरून. पण ९ फेब्रुवारी १९६५ ला पहिला खेळ केला तो ४५ वर्षांच्या मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह यांनी. नाव मोठं, तिकीटविक्री मोठी. त्या रात्री टाळ्या थांबेनात, पडदा ४३ वेळा उघडावा लागला म्हणतात. फॉन्टेन थोरच होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. तरी ज्या पंचविशीच्या मुलीच्या अंगातून ही ज्युलिएट निघाली, तिला पहिल्या रात्री बाजूला राहावं लागलं, हे वाचलं की आजही मन कडू होतं. म्हणून एखाद्या कोवळ्या मुलीला ज्युलिएट मिळाली, की मला मनापासून बरं वाटतं.

रॉयल बॅले या इथल्या नृत्यसंघात आर्टिस्टपासून प्रिन्सिपलपर्यंत पाच पायऱ्या आहेत. मोठी भूमिका मिळायला सर्वांत वरच्या पायरीवर असावंच लागतं असं नाही, आणि ती मिळाली म्हणून रोजची कामं सुटतात असंही नाही. सकाळचा क्लास सगळ्यांबरोबर, मग समूहनृत्याची तालीम, आणि त्यातून उरलेल्या वेळात ज्युलिएट. ती शिकवायला बहुधा कधीकाळी ज्युलिएट नाचलेली कुणीतरी असते, आणि बेनेश लिपीत उतरवलेला एकेक पदन्यास वाचून सांगणारी व्यक्तीही. तालीम होते आरशांच्या खोलीत. खऱ्या रंगमंचावर, खऱ्या जिन्यावर, वाद्यवृंदासोबत तिला फार थोडा वेळ मिळतो. पॉइंट शूजना, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायच्या बुटांना, रिबिनी ज्याने त्याने आपल्या हाताने शिवायच्या, तळव्याखालचा भाग वाकवून, पुढचा कडक भाग दाबून ते पायाला बसते करायचे. एवढं करून एक जोड एका खेळातच मऊ पडू शकतो.

मी पाहिलेल्या खेळातली नवी ज्युलिएट पहिल्या अंकात बाहुली घेऊन दाईभोवती पळाली तेव्हा जरा घाईत होती, संगीताच्या पुढे. बाल्कनीच्या प्रवेशात रोमिओची खरी परीक्षा. आधी एकट्याने दमछाक करणारा नाच, आणि लगेच तिला पुन्हापुन्हा उचलायचं. त्याची छाती भात्यासारखी हलताना मला उभ्या जागेवरून दिसत होती. तरी एकदाही त्याने तिला धसका बसेल असं खाली ठेवलं नाही.

पण मी वाट पाहत होते तिसऱ्या अंकाची. रोमिओ निघून गेलाय, आईबाप पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न लावायला निघालेत, आणि ज्युलिएट पलंगाच्या कडेवर येऊन बसते. संगीत चढत जातं, सगळं प्रेक्षागृह भरून टाकतं, आणि तिने करायचं काहीच नसतं. नुसतं समोर बघत बसायचं. लहानपणापासून जिच्या अंगात फक्त हालचाल मुरवली, तिला पहिल्याच मोठ्या भूमिकेत शेकडो डोळ्यांसमोर काही न करता बसायला सांगायचं! गिरक्या घोटून येतात. हे कसं घोटायचं?

सुरुवातीला तिची मान किंचित कलली, काहीतरी दाखवायला हवं म्हणून. मग तिने तेही सोडलं. हात मांडीवर, पावलं जमिनीवर, डोळे कुठेतरी लांब. मी समोरच्या विंगेकडे पाहिलं. नाचाच्या पोशाखावर लोकरी जाकीट घातलेल्या तिघीचौघी तिथे उभ्या होत्या, तिच्याइतक्याच निश्चल. मग ती उठली, अंगरखा ओढून घेतला आणि धावत सुटली. माझा कठड्यावरचा हात घामाने ओला झाला होता.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. ज्युलिएट दुसरी होती, अनुभवी. लग्नाच्या सकाळी लिलीची फुलं घेऊन मैत्रिणी तिला उठवायला येतात, त्यांत ती मुलगी होती. पलंगापाशी पोचल्यावर बाकीच्यांसारखीच थांबली, आणि निपचित पडलेल्या ज्युलिएटकडे बघत राहिली.