रांगकासबितुंग : प्रांतसाहेबाच्या अडीच महिन्यांच्या नोकरीचं गाव

जकार्ताच्या तानाह आबांग स्टेशनावरून लोकल धरली की दोनेक तासांत रांगकासबितुंग येतं. मार्गावरचं हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकायची भीती नाही. स्टेशनावर कार्ड घेऊन त्यात परतीचेही पैसे आधीच भरून ठेवा. सकाळी निघा, संध्याकाळी तानाह आबांगहून इकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

मी गेले ते एदुआर्ड डौवेस डेकरसाठी. अठरा वर्षांचा हा डच मुलगा १८३९ मध्ये जावाला पोचला आणि हिशेब खात्यात कारकून झाला. पुढे सुमात्रातल्या नातालला तिजोरीत तूट आली म्हणून निलंबित झाला, मग मेनाडो, अंबोन असं करत वर चढला. जानेवारी १८५६ मध्ये तो लेबाकला, म्हणजे रांगकासबितुंग ज्याचं मुख्य ठाणं त्या जिल्ह्याला, असिस्टंट रेसिडेंट म्हणून आला, म्हणजे आपल्याकडचा प्रांतच म्हणा. इथला देशी रीजंट, म्हणजे डचांच्या हाताखालचा स्थानिक सरदार, रयतेला वेठीला धरतो, तिच्या म्हशी फुकट ओढून नेतो, अशी तक्रार त्याने साधारण महिन्याभरात वरिष्ठांकडे केली. गव्हर्नर जनरलने त्याची बदली पूर्व जावातल्या न्गावीला केली. त्याने राजीनामा दिला आणि एप्रिलमध्ये सतरा वर्षांची नोकरी संपली. १८६० मध्ये ‘मुल्तातुली’, म्हणजे ‘मी फार सोसलं’, या टोपणनावाने ‘मॅक्स हॅवेलार’ ही त्याची कादंबरी छापून आली.

मुल्तातुली संग्रहालय आलुन-आलुनला, म्हणजे गावातल्या मोठ्या मैदानाला लागून आहे. जुन्या वेदानाच्या, देशी अंमलदाराच्या, घरात ते २०१८ मध्ये उघडलं. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. दालनं सातच, पण दोन तास ठेवा. मला सगळ्यांत आवडलं ते हे, की गोऱ्या साहेबाची आरती इथे नाही. मसाल्यांचा व्यापार, सक्तीची लागवड, बांतेनच्या, म्हणजे याच भागातल्या, शेतकऱ्यांचे उठाव, या सगळ्यांत डेकर एका दालनापुरता. तेच योग्य आहे. अंगणातल्या पुतळ्यांत तो पुस्तक वाचत बसलाय आणि जवळच सैजा-अदिंदा आहेत, त्याच्याच कादंबरीतली, म्हैस हिरावली गेल्यावर उद्ध्वस्त झालेली पोरं. मी अदिंदापाशीच जास्त वेळ थांबले.

त्याच्या घराची जागा आता सरकारी रुग्णालयाच्या आवारात आहे. जायचं तर आधी विचारा, आणि आजारी माणसांचे फोटो काढू नका. त्या घराची एक फरशी संग्रहालयात ठेवली आहे, ती आधी नीट बघून घ्या.