परकराची नाडी

गेल्या वर्षी जानेवारीत माझं वजन ९२ किलो भरलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. मधुमेह नाही, पण अगदी उंबरठ्यावर. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती, ते ड्रेसिंग मी माझ्या हातांनी केलंय. त्यामुळे दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या ठरवूनच टाकलं, ३० किलो उतरवायचे.

या ३० नेच मला आधी दमवलं. पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेले, घरभर सांगत सुटले. दुसऱ्या आठवड्यात २०० ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही. अंगात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिपटीने पाणी असतं, खाणं कमी केलं की आधी तेच जातं आणि चरबी मागाहून, सावकाश उतरते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी चालणं सोडलं नसतं. बारा दिवस बूट कपाटात पडून होते.

डॉक्टरबाईंकडे परत गेले तेव्हा डोळ्यांत पाणीच होतं. त्या म्हणाल्या, "९२ चे सात टक्के किती, सांगा बघू." साडेसहाच्या आत-बाहेर. मग त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या माणसांना सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. "३० चा विचार नको, ताई. साडेसहा किलो उतरवा आणि मला भेटा." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमेल.

चालायला साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकाकडे चढणारा रस्ता धरला. सातारकरांना हा चढ सांगायला नको. सुरुवातीला अर्ध्यात दम लागायचा, कठड्याला टेकून उभी राहायचे. पण खरी अडचण चढाची नव्हतीच, पहाटे अंथरूण सोडण्याची होती. मी एकच नेम केला: बूट घालून गेटपर्यंत जायचं. तिथून परत फिरावंसं वाटलं तर खुशाल फिरायचं. वर्षभरात मी गेटवरून फक्त चार वेळा परत आले. पावसाळ्यात जिना धरला, तीन मजले वर-खाली, छत्रीची कटकट नाही.

खाण्याचं म्हणाल तर चहातली साखर आणि पेढे सोडले. कंदी पेढ्यांच्या गावात राहून हे सोपं नाही, आणि त्याहून अवघड होतं घरातलं प्रेम. सासूबाई दुसरी भाकरी हातात घेऊन उभ्या राहायच्या. "अगं, एवढ्याशा भाकरीवर दिवसभर ऑफिसात कशी बसशील?" नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एक दिवस मी म्हटलं, "आई, भाकरी एकच घेते, पण तुमच्या हातची ही चाकवताची भाजी दुप्पट वाढा." त्या क्षणभर बघत राहिल्या आणि पळी पुन्हा भांड्यात घातली. तेव्हापासून मंडईतून रोज कुठली ना कुठली पालेभाजी त्याच आणतात, निवडतातही त्याच. माझ्या या सगळ्यात निम्मा वाटा त्यांचा आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

मग ८४ वर गाडी अडली. ऑगस्टच्या शेवटापासून सात आठवडे. वजन मी फक्त रविवारी सकाळी करायचे, पण सात रविवार तोच आकडा बघणं फार कठीण असतं. चालणं चालू होतं, मन मात्र रोज विचारायचं, कशासाठी?

दिवाळीला काठापदराची साडी नेसायला काढली. सोबतचा परकर जुनाच, त्याची नाडी पांढरी, आणि जिथे वर्षानुवर्षं गाठ बसायची तिथे चुरगळून काळपट झालेली. त्या खुणेवर गाठ मारली तर परकर कमरेवर थांबेना. गाठ चार बोटं आत सरकवावी लागली. नाडीचं टोक लांब लोंबत राहिलं. निऱ्याही नेहमीच्या पाच घातल्या, तरी हातात कापड उरलं. सहावी झाली, वर सातवीही बसली. मी आरशासमोर तशीच उभी राहिले, पदर हातात धरून. काटा सात आठवडे गप्प होता, नाडी नव्हती. त्यानंतर वजनाबरोबर कमरेचं मापही वहीत लिहायला लागले.

आज वजन ७९ आहे, तीन महिन्यांची साखर ५.६. अजून बरंच उतरवायचंय. आता रविवारी चार भिंतीला थांबत नाही, थेट अजिंक्यतारा किल्ल्यावर मंगळाईचं दर्शन घेऊन येते. परवा सासूबाई म्हणाल्या, "ती नाडी किती लोंबतेय, काप की जरा."

मी कापली नाही.