मिडवाइफ, डॉक्टर आणि साखरेचे आकडे

इंग्लंडमध्ये दिवस राहिले की आधी डॉक्टर गाठायचा नसतो, हे मला दिवस राहिल्यावरच कळलं. रेडिंगला घराजवळच्या एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलच्या साइटवर फॉर्म भरला आणि दहा आठवडे व्हायच्या आत मिडवाइफची, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या सुईणीची, पहिली भेट ठरली. गुंतागुंत नसेल तर बाळंतपणापर्यंत मिडवाइफच बघणार, स्त्रीरोगतज्ज्ञ दिसणार ते काही बिनसलं तरच. सांगलीला आईला सांगितलं, तर पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे नर्सबाई बघणार? आणि डॉक्टर कुठं असणार?" मावशी मागून म्हणाली, "एवढे पाउंड मिळवताय, चांगला डॉक्टर लावा की."

लावता येतो. लंडनमध्ये खासगी प्रसूतितज्ज्ञ आहेत, खर्च हजारो पाउंडांत जातो. आम्ही चौकशीही केली. नवऱ्याचं म्हणणं, आधी एकदा मिडवाइफला भेटून तर घे.

ती भेट तासभर चालली. आजार, ऑपरेशनं, आईवडिलांचा मधुमेह, नात्यात लग्न झालंय का, सगळं विचारलं. थॅलेसेमियासाठी रक्त घेतलं. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही नळीत फुंकर मारायला लावतात, अंगातला कार्बन मोनॉक्साइड मोजायला. मग नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, घरात कुणी मारतं, धमकावतं का? आमच्याकडे असलं काही नाही, तरीही मला ते बरं वाटलं. पुण्यात वहिनीबरोबर मी डॉक्टरांकडे जायची तेव्हा आत पाच मिनिटं आणि बाहेर दोन तास असा हिशोब होता.

खरा निर्णय मिडवाइफ की डॉक्टर हा नसून बाळ कुठे जन्माला येणार हा आहे, हे त्या भेटीत मिडवाइफनेच समजावलं. घरी, हॉस्पिटलला लागून असलेल्या बर्थ सेंटरमध्ये (तिथं फक्त मिडवाइफ असतात), की डॉक्टर असलेल्या लेबर वॉर्डात? घरी किंवा बर्थ सेंटरला एपिड्यूरल (कळांच्या वेदना थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन) मिळत नाही, त्याला भूलतज्ज्ञ लागतो. इंग्लंडमध्ये चौसष्ट हजारांहून जास्त कमी जोखमीच्या बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तो मी रात्री बसून वाचला. पहिलटकरणीने घरी बाळंतपण केलं तर बाळाला गंभीर इजा होण्याचं किंवा बाळ दगावण्याचं प्रमाण हजारी ९.३, लेबर वॉर्डात ५.३. बर्थ सेंटरला मात्र बाळांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, आणि सिझेरियन, चिमटा वगैरे कमी. पण तिथल्या पहिलटकरणींपैकी साधारण चाळीस टक्क्यांना लेबर वॉर्डात हलवावं लागलं होतं. घर मी तिथल्या तिथं खोडलं. बर्थ सेंटर लिहून दिलं, कारण हलवायची वेळ आली तरी लेबर वॉर्ड एका लिफ्टच्या अंतरावर होता.

सोनोग्राफी दोनदाच, बाराव्या आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास. विसाव्याला तंत्रज्ञ बाई सहज म्हणाल्या, मुलगा की मुलगी सांगू का? 'गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे' या पाट्या वाचत मोठे झालेले आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि नको म्हणालो. मधल्या भेटींत मिडवाइफ रक्तदाब आणि लघवी तपासायची, टेपने पोट मोजायची, ठोके ऐकवायची. दर वेळी तीच असेल असं नाही, आणि या गोष्टीचा मला शेवटपर्यंत राग होता.

दक्षिण आशियाई घराण्यातली, म्हणजे मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून सव्विसाव्या आठवड्याला साखरेची चाचणी झाली. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी पुन्हा रक्त. इथली मर्यादा ७.८, म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत १४०. माझा आकडा त्याच्या थोडा वर आला, म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. बर्थ सेंटर बाद, डॉक्टरांच्या यादीत नाव. आईला एकदाचं हायसं वाटलं!

आता दोन्ही सुरू झालं. मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये प्रसूतितज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ, दर चार आठवड्यांनी बाळाची वाढ बघायला सोनोग्राफी, आणि शिवाय मिडवाइफच्या भेटी होत्याच. बोट टोचून सकाळी उपाशीपोटी ५.३ च्या आत, जेवणानंतर तासाने ७.८ च्या आत ठेवायचं. आहारतज्ज्ञ बाईंना भाकरी माहीत नव्हती, म्हणून मीच करून, खाऊन, टोचून बघितलं. ज्वारीची भाकरी आणि उसळ आकड्यात बसायची, पोहे नाही. गोळ्या-इन्सुलिन लागलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या एकोणचाळिसाव्या आठवड्यात. लेबर वॉर्डात गेले ते डॉक्टर भेटणार या समजुतीने. पण खोलीत आली ती मिडवाइफ, त्याआधी कधी न पाहिलेली. ती शेवटपर्यंत हलली नाही. पोटाला पट्टे बांधून ठोके बघणं, गॅस अँड एअरची (वेदना कमी करणाऱ्या वायूची) नळी तोंडात देणं, मी मराठीत ओरडत होते ते न समजता हो हो म्हणणं. डॉक्टर एकदा आल्या, ठोक्यांचा कागद बघितला, सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि गेल्या. मुलगी मिडवाइफच्याच हातात आली. टाकेही तिनेच घातले. इथे डॉक्टरांच्या यादीतल्या बाईचंसुद्धा सरळ बाळंतपण मिडवाइफच करते. ते मला आधी कुणी सांगितलं असतं, तर खासगी डॉक्टरांच्या चौकशीतली आमची भांडणं वाचली असती.

बाळाची साखर दुधाआधी तपासत राहिले, ती नीट राहिली आणि दुसऱ्या दिवशी घरी. मग मिडवाइफ घरी यायला लागली. पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. आई तोवर डिंकाचे लाडू घेऊन पोचली होती. मिडवाइफने विचारलं यात काय आहे, मी गूळ म्हणाले, आणि आई आणि ती एकमेकींकडे संशयाने बघत राहिल्या. शेवटी दिवसाला अर्धा लाडू ठरला.

चुलत बहिणीला पुण्यात सातवा महिना आहे. तिने मला विचारलं, मी कुणाकडे नाव घालू? तिच्या डॉक्टर चांगल्या आहेत, बदलायचं कारण नाही. मी एवढंच म्हटलं, त्यांना विचार की कळा चालू असताना खोलीत सतत कोण असेल, रात्री एपिड्यूरल द्यायला भूलतज्ज्ञ येतो का आणि नवऱ्याला आत घेतात का. डॉक्टर म्हणाल्या, "फोन आला की मी वीस मिनिटांत पोचते, तोवर सिस्टर असतात." नवऱ्याला आत घेतात, भूलतज्ज्ञाला बोलवावं लागतं. आता तिने त्या सिस्टरांना भेटायची वेळ मागितली आहे.