तुम्ही विचारलंत म्हणून: औषध टोचून उन्हात बसायचे का?

चवथीला गावी गेलो की माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसलेले काका दर वर्षी एकच प्रश्न विचारतात: "तुझे ते उजेडाने वितळणारे औषध टोचून घेतले की उन्हात बसायचे का?" सगळे हसतात, पण प्रश्न नेमका आहे, आणि आता इतरही तो विचारू लागल्यामुळे उत्तर लिहून ठेवतो. काकांचे ते औषध म्हणजे आत औषध कोंडलेले, प्रकाश पडला की पातळ होणारे जेल.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. काही पेप्टाइडे पाण्यात आपसूक एकमेकांना बिलगून तंतू विणतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून जेल तयार होते. त्यात पेप्टाइड अनेकदा शेकडा एक भागही नसते. अशा साखळीला आम्ही अॅझोबेन्झीन नावाचा रेणू जोडतो. तो एरवी सरळ आणि सपाट असतो, पण ३६५ नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर) तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडताच दोन नत्र अणूंमधल्या दुहेरी बंधापाशी वाकतो आणि त्याच्या टोकांमधले अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येते. एवढ्याशा वाकण्याने तंतूंची बैठक मोडते, जेल पातळ होते आणि आत कोंडलेले औषध सुटते. निळ्या प्रकाशात, किंवा नुसते अंधारात ठेवल्यावरही सावकाश, तो पुन्हा सरळ होतो. (आपल्या डोळ्यातले रेटिनल, म्हणजे प्रकाश टिपणारा रेणू, याच्या उलट वागते: ते आधीच वाकलेले असते आणि प्रकाशाने सरळ होते.)

आता उन्हाचे. उन्हात अतिनील आणि निळा हे दोन्ही प्रकाश असतात, म्हणजे एक रेणूला वाकवत असताना दुसरा त्याला सरळ करत राहणार. शिवाय अतिनील किरण कातडीच्या वरच्या थरांतच अडतात आणि तिथल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. अंधारात बॅटरी तळहाताला टेकवून पाहा, पलीकडे तांबडा उजेडच तेवढा येतो. म्हणून अॅझोबेन्झीनच्या कड्यांवर फ्लोरिन, क्लोरिन किंवा मेथॉक्सी हा छोटा अणुगट बसवून त्याला हिरव्या-तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद द्यायला लावतात. मात्र अशा काही रेणूंचा नत्रबंध पेशीतले ग्लुटाथायोन नावाचे रसायन तोडून टाकते, आणि माझ्या मते खरे दुखणे हेच आहे.

त्यामुळे तूर्त या जेलचा मोठा उपयोग काचेच्या बशीत होतो: जिवंत पेशींखालची गादी प्रकाशाने मऊ केली की त्या पसरतात की आक्रसतात, हे न्याहाळता येते. रुग्णापर्यंत ते पोहोचलेच, तर जिथे प्रकाश सहज पोहोचतो त्या डोळ्यात किंवा कातडीवर आधी पोहोचेल, असे मला वाटते. आणि तिथेही काकांना उन्हात बसवणार नाहीत, मोजून दिवा लावतील.