तुम्ही विचारलंत म्हणून : एच कुणाशेजारी बसतो?

"नुसती अक्षरं दिली की तुम्हाला त्यांतले इंग्रजी शब्द लगेच कसे दिसतात?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट बसून उत्तर लिहावं म्हटलं. विचारणाऱ्यांना वाटतं, हिचा शब्दसंग्रह दांडगा असणार. पण मला आधी शब्द दिसतच नाही. दिसतात त्या जोड्या.

परवाचंच सांगते. भाच्याने कागदावर सात अक्षरं लिहून माझ्यासमोर ठेवली : सी, ई, एच, आय, के, एन, टी. वेगवेगळी सात अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात. एकेक मांडणी तपासत बसले तर दिवस जाईल. मी एचवर बोट ठेवलं आणि स्वतःला विचारलं, हा कुणाशेजारी बसेल? इंग्रजीत एच शब्दाच्या सुरुवातीला नसेल, तर बहुतेकदा सी, टी, एस, पी, जी किंवा डब्ल्यूच्या पाठीशी उभा असतो. इथे सी आणि टी दोघंही हजर. आधी त्याला सीच्या मागे बसवलं आणि टीला पुढे आणलं : टी-सी-एच. हे त्रिकूट ओळखीचं, वॉच, कॅच, मॅचमध्ये रोज भेटणारं. उरले के, आय, ई, एन. किचन! पण तिथे थांबायचं नाही. एच उचलला आणि टीच्या मागे ठेवला. सी मोकळा झाला, त्याला केची सोबत मिळाली. ई-एन शेपटीला. थिकन, म्हणजे दाट करणं किंवा दाट होणं. अक्षरं तीच, एचने फक्त सोबती बदलला आणि बाकीच्यांनी आपापल्या जागा शोधल्या. भाचा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आत्या, अजून एक देऊ?"

जोड्या लावताना एक मात्र सांभाळावं लागतं. हाताशी आय, एन आणि जी आले की सगळे डोळे झाकून शेवटी 'इंग' बांधून टाकतात. आर, ई, जी, आय, ओ, एन ही सहा अक्षरं घ्या. 'इंग' बांधलं की मागे ई, ओ, आर उरतात आणि गाडी तिथेच रुतते. गाठ सोडा, की रीजन मिळतो. जीला एनच्या आधी आणा, की इग्नोर मिळतो. जोडी लावायची, पण ती मोडायची तयारीही ठेवायची. मला स्वतःला हे शिकायला फार वेळ लागला.

हा खेळ इंग्रजीत इतका रंगतो त्याचं कारण त्या लिपीत आहे. आपल्याकडे स्वर व्यंजनाला चिकटलेला असतो. 'रामाला भाला मारा' उलट वाचलं तरी तेच राहतं, कारण 'रा' आपला काना घेऊनच फिरतो. इंग्रजीत स्वर सुटे. ई, ए, आय उचलून कुठेही ठेवता येतात, म्हणून मूठभर अक्षरांतून इतके शब्द निघतात.

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर जुळवून शब्द करायचा खेळ. तो खेळणाऱ्यांनी त्याच्या जनकाचं, आल्फ्रेड बट्सचं नाव ऐकलं असेल. १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेला हा अमेरिकन वास्तुविशारद. कुठलं अक्षर किती वेळा येतं, हे त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून काढलं. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० टाइल्समध्ये ई १२ आहेत आणि क्यू एकच. एस मात्र फक्त चार, कारण शब्दाला एस लावून अनेकवचन करणं फार सोपं झालं असतं. त्याच्या या मोजणीबद्दल मला मनापासून आदर आहे. मी ती उलटी वापरते : सगळ्यात दुर्मीळ अक्षर आधी हातात घ्यायचं. ई कुठेही बसेल. झेड, जे, एक्स यांना मोजकीच घरं माहीत असतात.

क्यू आला की लोक यू शोधतात, तो नसला की हात टेकतात. यूशिवायचे क्यूचे बरेच शब्द इंग्रजीत अरबीतून आलेत आणि ते आपल्या कानांना चांगलेच परिचित आहेत. फकीर, नकाब, कव्वाली. इंग्रजी कोशांत हे क्यूने लिहिलेले सापडतात (फकीर केनेही लिहितात). इथे मराठी माणसाला घरचा फायदा आहे.

कधी प्रश्न वेगळा असतो : अक्षरं याच क्रमाने, एकमेकांना लागून हवीत. डब्ल्यू-के-डब्ल्यू कुठल्या शब्दात येतं? ऐकताना अशक्य वाटतं, आणि शब्द निघतो ऑकवर्ड. टी-सी-एच-पी-एच-आर ही सहा व्यंजनं ओळीने? कॅचफ्रेज. असं विचित्र काही समोर आलं की मी सांधा शोधते. दोन शब्द जोडून एक झाला असेल, तर पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांना भिडतात.

मग संगणकालाच का विचारत नाही, असंही विचारतात. विचारते की, पण नंतर. त्याची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक शब्दाची अक्षरं तो ए ते झेड या क्रमाने लावून ठेवू शकतो. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, टॉप्स हे सगळे मग ओ-पी-एस-टी या एकाच खणात जाऊन पडतात. मांडण्या तपासायच्याच नाहीत, फक्त खण उघडायचा. भाच्यानेही ती सात अक्षरं अशीच क्रमाने लिहिली होती, शब्दाचा मागमूस राहू नये म्हणून. माझं शोधून झालं की मी खण उघडते आणि माझ्याकडून काय राहिलं ते बघते. आधीच उघडला तर यादी मिळते, पण एच टीकडे सरकताना बघायचं राहून जातं. मला ते हवं असतं.

त्या संध्याकाळी निघताना भाच्याने विचारलं, दोन यू शेजारीशेजारी असलेला शब्द कुठला? मी व्हॅक्यूम म्हटलं. दुसरा आहे का, तर तेव्हा आठवेना. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, त्यात एकच शब्द होता : कंटिन्युअम.