फळ्याकडे का वळले

‘वित्तक्षेत्रातली चांगली चाललेली नोकरी सोडून तुम्ही शिकवायला का लागलात?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की विचारणाऱ्याने मनाशी कोणते उत्तर ठरवले आहे, तेही आता स्वरावरून कळते. मी दमले, मला काढून टाकले, किंवा पुरेसे कमावून झाल्यावर समाजसेवेची हौस आली, यांपैकी काहीही खरे नाही. कर्जप्रस्ताव तपासण्याचे काम मला आवडत होते आणि जमतही होते. भांडवल योग्य हाती पोहोचवणे हे उपयोगाचे काम आहे, असे मी आजही मानते.

नोकरीत असतानाच मी सुट्टीच्या दिवशी छोट्या व्यावसायिकांसाठी हिशेबाचा वर्ग घेऊ लागले होते. शिवणकाम करणाऱ्या एक बाई एकदा वर्ग सुटल्यावर थांबल्या आणि त्यांनी आपल्या कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. मुदत एक वर्ष, बारा समान हप्ते, व्याज 12 टक्के. धंदा चालतो, पण हप्ता भरल्यावर हाती काही उरत नाही, तेव्हा माझे कुठे चुकते ते दाखवा, असे त्या म्हणाल्या. मी फळ्यावर मुद्दल 100 धरून मांडणी केली. वर्षाचे व्याज 12, म्हणजे दरमहा 9.33 चा हप्ता. पण मुद्दल तर महिन्यागणिक फिटत जाते. पहिल्या महिन्यात पूर्ण 100 वापरायला मिळतात, शेवटच्या महिन्यात नऊच्या आसपास, आणि वर्षभराची सरासरी काढली तर निम्म्याहून थोडे अधिक. व्याज मात्र बाराही महिने पूर्ण शंभरावर लावलेले. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर काढला, तर वार्षिक दर सुमारे 21.5 टक्के येतो. त्यांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला, त्याखाली रेघ मारली आणि विचारले, “हे कर्ज देणाऱ्यांना माहीत असतं?” मी हो म्हणाले. “तुम्हालाही आधीपासून माहीत होतं?” मी पुन्हा हो म्हणाले. “मग सही करण्याआधी आम्हाला सांगायचं काम कोणाचं?”

ते कर्ज माझ्या संस्थेचे नव्हते, आणि एकूण परतफेडीची रक्कम तक्त्यावर स्पष्ट छापलेली होती. माहिती दिली की देणाऱ्याची जबाबदारी संपते, पुढे वाचणे हे घेणाऱ्याचे काम, असे तेव्हाची मी कोणालाही ठणकावून सांगितले असते. त्या संध्याकाळी मात्र ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. त्यांचा हिशेब अचूक होता. चूक नसतानाही, आपलेच काही चुकते आहे असे समजून त्या माझ्याकडे आल्या होत्या, आणि हे मला फार लागले.

आता मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि वस्तीतले वर्गही घेते. विद्यार्थी हा दर संगणकावर क्षणात काढतात. तोच कर्जदाराला समजावून सांगा म्हटले की अडखळतात, म्हणून मी सूत्राआधी तक्ता देते. वस्तीतल्या वर्गात सर्वाधिक वेळ नफा आणि रोकड यांतला फरक समजण्यात जातो, कारण विक्री उधारीवर आणि खरेदी रोखीने असली, तर नफ्यातला धंदाही खेळत्या भांडवलावाचून बंद पडतो.

पण पूर्वीची मी अजून वाद घालतेच. ती म्हणते की कर्जाचा वार्षिक दर उघड करण्याची सक्ती अमेरिकेने 1968 सालच्या कायद्याने केली, आणि असा एक नियम तुझ्या शेकडो वर्गांपेक्षा जास्त काम करतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, लोकांच्या आर्थिक वर्तनातल्या फरकांपैकी जेमतेम 0.1 टक्का फरकच अशा शिक्षणाने स्पष्ट होतो असे आढळले, हेही ती पुढे करते. मी तिला 2022 सालचा, 76 नियंत्रित प्रयोगांवर आधारलेला आढावा दाखवते. त्यात ज्ञान आणि वर्तन या दोन्हींवर अनुकूल परिणाम दिसला होता. तिचे त्याने समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही पुरते होत नाही. नियम हवेत हे मला मान्य आहे. तरीही सही करण्याआधी कागद घेऊन कोणी वर्गात आले, तर तो त्यांच्यासोबत बसून वाचणारे माणूस तिथे हवे, आणि सध्या ते काम मला कर्ज मंजूर करण्यापेक्षा अधिक निकडीचे वाटते. परत जाणार का, असेही तुम्ही विचारता. त्याचे उत्तर मी अजून स्वतःलाही दिलेले नाही.