ग्दान्स्कचं पोस्ट ऑफिस

पोलंडमधल्या ग्दान्स्कला येणारा प्रत्येक जण वेस्टरप्लाटे या द्वीपकल्पावर जातोच. मोटलावा नदीच्या धक्क्यावरून बोटी सुटतात, तासाभरात पोचता येतं. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन युद्धनौकेने तिथे तोफा डागल्या आणि दोनशेच्या थोडेसे वर पोलिश सैनिकांनी ती जागा सात दिवस लढवली. मीही गेले, उंच स्मारक पाहिलं, बाकी सगळ्यांसारखे फोटो काढले. पण एकच ठिकाण पाहण्याएवढा वेळ असेल, तर मी म्हणेन की बोट सोडा आणि पोस्ट ऑफिसात जा. त्याच पहाटे तिथेही लढाई सुरू झाली होती, आणि लढणारे बहुतेक टपाल कर्मचारी होते.

जुन्या गावातून रादुनिया कालव्याच्या कडेने, जुन्या मोठ्या गिरणीवरून चालत गेलं की गर्दी विरळ होत जाते. पोस्टाची इमारत लाल विटांची, मूळची लष्करी इस्पितळाची. समोरच्या चौकात चंदेरी धातूचं शिल्प आहे: मरणारा टपाल्या, त्याच्या पिशवीतून सांडलेली पत्रं, आणि विजयदेवता नायकी त्याच्या हाती बंदूक देतेय. मला ते जरा भपकेबाज वाटलं. सांडलेली पत्रं मात्र बराच वेळ बघत राहिले.

मुळात जर्मनबहुल शहरात पोलिश पोस्ट आलं कुठून? पहिल्या महायुद्धानंतर ग्दान्स्क, म्हणजे तेव्हाचं डान्झिग, ना जर्मनीचं राहिलं ना पोलंडचं झालं. राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं ते स्वतंत्र शहर ठरलं, आणि करारांनी पोलंडला तिथे स्वतःची टपालसेवा चालवायचा हक्क मिळाला. जानेवारी १९२५ मध्ये पोलंडने एका रात्रीत शहरात दहा लाल टपालपेट्या लावल्या. लोकांनी त्यांना जर्मन साम्राज्याचे काळा-पांढरा-लाल रंग फासले. प्रकरण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात पोलंडच्या बाजूने मत आलं. पत्राच्या डब्यांसाठी हेग! तेव्हा वर्तमानपत्रं वाचणारे हसले असतील. चौदा वर्षांनी याच इमारतीवर तोफा लागल्या.

एप्रिल १९३९ मध्ये पोलिश लष्कराने कोनराड गुदेरस्की या राखीव अधिकाऱ्याला इथे पाठवलं. त्याने दारं-खिडक्या पक्क्या केल्या, माणसांना शिकवलं. बेत असा की सहा तास तग धरायचा, तेवढ्यात पोलिश सैन्य येईल. प्रत्यक्षात ज्या तुकड्या यायच्या होत्या त्या आदल्याच दिवशी मागे घेतल्या गेल्या. आत माणसं पन्नासपेक्षा थोडी जास्त. त्यांच्यातच इमारतीचा रखवालदार, त्याची बायको आणि त्यांनी सांभाळलेली दहा-एक वर्षांची एर्विना. शस्त्रं म्हणजे तीन हलक्या मशीनगन, पिस्तुलं आणि हातबॉम्ब.

पहाटे चारला वीज आणि टेलिफोन तोडले गेले. पावणेपाचच्या सुमारास डान्झिगचे पोलीस आणि एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेची माणसं चिलखती गाड्या घेऊन चालून आली. शेजारच्या इमारतीतून भिंत फोडून घुसायचा एक प्रयत्न झाला, तो हातबॉम्बने परतवला गेला, पण त्याच स्फोटात गुदेरस्की गेला. सहा तास उलटून गेले तरी पोस्ट पडलं नाही. मग तोफा आल्या, दुपारी मोठी हॉवित्झर आली. भिंतीखाली सुरुंग खणून सहाशे किलो स्फोटकं उडवली, तेव्हा उरलेले तळघरात गेले. शेवटी अग्निशमन दलाच्या पंपाने तळघरात पेट्रोल सोडून ते पेटवलं. आग विझवणाऱ्यांचा पंप!

संध्याकाळी सातच्या सुमारास संचालक यान मिहोन् पांढरं कापड घेऊन बाहेर आला. त्याला गोळी घातली. मागून आलेला युझेफ वॉन्शिकही मारला गेला. एर्विना भाजून बाहेर पडली, काही आठवड्यांनी इस्पितळातच वारली. सहा जण गोंधळात निसटले, त्यांतले दोघे पुढे सापडले.

मागच्या अंगणात ती भिंत आहे जिच्यापाशी पकडलेल्यांना हात वर करून उभं केलं होतं. आता तिच्यावर तळहातांचे ठसे आहेत. मला समोरच्या शिल्पापेक्षा ती भिंत अधिक पटली.

आपल्याकडे पोलंड म्हटलं की कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. तिथल्या छावणीत आलेले निर्वासित बहुतांश पूर्व पोलंडचे होते, सोव्हिएत सत्तेने सैबेरिया-कझाकस्तानात हाकलून दिलेले. सप्टेंबर १९३९ ला देश दोन बाजूंनी कुरतडला गेला; ती पूर्वेची बाजू आपल्याला थोडीफार माहीत आहे, ही उत्तरेची.

दुसऱ्या दिवशी उपनगरी गाडीने झास्पाला गेले. पकडलेल्या टपाल कर्मचाऱ्यांवर जर्मन लष्करी न्यायालयात खटला चालला. न्यायाधीश कुर्ट बोडे, सरकारी वकील हान्स गीझेके. आरोप असा की ते सैनिक नसताना बेकायदा लढले. ५ ऑक्टोबर १९३९ ला झास्पात ३८ जणांना गोळ्या घातल्या. त्यांची सामूहिक कबर थेट १९९१ मध्ये, बांधकामासाठी खणताना सापडली. आता ते तिथल्याच स्मशानभूमीत आहेत. जर्मनीतल्या ल्युबेकच्या न्यायालयाने १९९८ मध्ये तो निकाल रद्द केला. बोडे आणि गीझेके मात्र युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या न्यायखात्यात पुन्हा रुजू झाले होते. या खटल्यासाठी दोघांनाही कधी शिक्षा झाली नाही.